शंभरातले किती?

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत 'आज फार उकडतंय' असं सहज म्हणून जायची सोय नव्हती. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका असले की लगेच विचारणार, "किती?" समोरचा गांगरून म्हणायचा, "किती म्हणजे... खूपच." मग काका खिशातून बोटभर लांबीचं तापमापक काढायचे, डोळ्यांजवळ धरायचे आणि सांगायचे, "काल याच वेळी एक डिग्री जास्त होतं. काल तुम्ही काही बोलला नाहीत." त्या माणसाला पुढचे तीन मजले घाम पुसायचीही चोरी.

सोसायटीने त्यांचं नाव मोजणीकाका ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात अपमान काय हे त्यांना कळत नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर त्यांच्या खाली राहते. धंद्याने वकील. कामगारांच्या केसेस लढवते. 'अतोनात हाल', 'अपरिमित नुकसान', 'घोर अन्याय' या शब्दांवर माझी चूल पेटते. अशा बाईच्या डोक्यावर देवाने असा माणूस आणून ठेवला. एकदा जिन्यात मी म्हटलं, "काका, हजारदा सांगितलं तुम्हाला, तुमची बाल्कनी गळते." ते म्हणाले, "चारदा." मी दाणदाण पाय आपटत खाली आले. घरात आल्यावर मोजलं, तर चारदाच होतं.

मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी काढली होती. एक्स-रे, गॅमा किरण अशा गोष्टींजवळ काम करणाऱ्या माणसांच्या छातीला एक छोटा बॅज लावतात. माणसाच्या अंगावर किती किरण पडले, ते त्या बॅजमध्ये नोंदलं जातं. देशभरातून असे बॅज दर तीन महिन्यांनी यायचे आणि काका ते वाचायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर काय पडलं ते मोजलं, म्हणून लग्न करायचं राहून गेलं, असं आमच्या सेक्रेटरीचं मत होतं. काकांना विचारलं तर म्हणायचे, "दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही."

जगातली कुठलीही तक्रार त्यांच्याकडे नेली की ते तीन प्रश्न विचारायचे. किती? किती वेळ? किती लांबून? गणपतीतल्या स्पीकरची तक्रार असो नाहीतर माझ्या सासूबाईंची. सासूबाई गावाहून येणार म्हणून मी एकदा कुरकुरत होते, तर म्हणाले, "किती वेळ?" म्हटलं, "पंधरा दिवस." "मग अंतर वाढवा. तुम्ही वसईच्या ऑफिसात जास्त बसा. अंतर दुप्पट केलं की त्रास चौपट कमी होतो." आणि गंमत म्हणजे झाला हो!

त्यांची दोन जुनी भांडणं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका वार्षिक सभेच्या दिवशी त्यांनी आपलं किरण मोजायचं यंत्र आणलं आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं. ते टिकटिकायला लागलं. मुलांना विज्ञान दाखवावं, एवढाच हेतू. संध्याकाळपर्यंत तीन घरांनी ओटा फोडायला माणूस बोलावला आणि दोघेजण बिल्डरवर केस करायला माझ्याकडे आले. काका संतापले. "मी मोजायला सांगितलं होतं, घाबरायला नाही! रोज वसईची दोन केळी खातो मी, केळ्यातही किरण असतात. केळी टाकणार का?" त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगखालच्या केळेवाल्याचं गिऱ्हाईकही तुटलं.

दुसरं भांडण गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं. सोसायटीला तो नको होता. सगळ्यांना वाटलं, आता घरचाच शास्त्रज्ञ आहे, कॅन्सर होतो म्हणून लिहून देईल. काकांनी गच्चीवर चार दिवस घालवले आणि लिहून दिलं की हे किरण त्या जातीचे नाहीत, भाडं पटत असेल तर खुशाल ठेवा. झालं! सोसायटीने त्यांना वाळीत टाकलं. दिवाळीचा फराळ फक्त आमच्या घरून गेला आणि तोही मी चिडूनच दिला होता. मला त्या वेळी वाटलं, एवढा शिकलेला माणूस, पण आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहायची अक्कल नाही. माझं हे मत फार दिवस टिकलं.

मग एके दुपारी माझ्या ऑफिसात राजोडीहून एक बाई आली. चाळिशीची, ख्रिस्ती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याची फाइल. नवरा सातिवलीच्या एका छोट्या कंपनीत नऊ वर्षं कामाला होता. मोठमोठ्या लोखंडी पाइपांच्या वेल्डिंगमध्ये आत भेग आहे का, हे गॅमा किरणांनी फोटो काढून तपासायचं, हे कंपनीचं काम. किरण टाकणारी वस्तू शिशाच्या जड पेटीत असते. त्या पेटीला ही माणसं कॅमेरा म्हणतात. लांबून हँडल फिरवून ती वस्तू बाहेर काढायची, फोटो होईस्तोवर थांबायचं, हँडल उलटं फिरवून आत घ्यायची. हँडल फिरवणारा तिचा नवरा. आता त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. भावाची अस्थिमज्जा जुळली होती, पण उपचार खर्चापायी अडला होता. कंपनी म्हणत होती, आमचा काय संबंध? त्याच्या बॅजवर नऊ वर्षांत एकदाही काही दिसलेलं नाही. प्रत्येक रिपोर्ट शून्य.

"वकीलबाय," ती म्हणाली, "कंपनीवाले म्हनतात तंबाकूनं झाला. यानं जल्मात तंबाकू खाल्ली नाय. पन शून्य आला तो कसा काय, ते मला कोन सांगल?"

कायद्याच्या यादीत किरणांनी होणारे आजार आहेत. पण सगळी शून्यं समोर ठेवल्यावर न्यायाधीश काय करणार? मी फाइल घेऊन एक मजला चढले.

काकांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मधे एकदा उठून केळं खाल्लं. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"कामामुळे झाला की नाही. हा आजार किरणांचं तोंड न पाहिलेल्यांनाही होतो. बिघडलेल्या पेशीवर कुणाचा शिक्का नसतो. याच एका माणसाला कशामुळे झाला, हे कुणीच सांगू शकत नाही. पण असं बघा. याच्यासारखी शंभर माणसं घ्या. हेच वय, एवढाच डोस, हाच आजार. हे काम केलं नसतं तर त्या शंभरातले किती वाचले असते? ते काढता येतं."

"आणि ते निम्म्याच्या वर गेले तर?"

"तर कामामुळे झाला असण्याची शक्यता जास्त. तुमच्या कोर्टाला तेवढं पुरतं ना?"

"पुरतं. मग काढा निम्म्याच्या वर."

काकांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "वकीलबाई, खाली आला तर मी खाली सांगणार. त्या बाईला आधी तसं सांगून ठेवा. नाहीतर मला यात घेऊ नका."

टॉवरच्या वेळचा सगळा राग माझ्या डोक्यात चढला. पण दुसरा माणूस कुठून आणणार? मी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "चालंल. खरा काय तो तरी कळंल."

माहितीच्या अधिकारात आम्ही बॅजचे सगळे जुने कागद मागवले. तीन महिन्यांना एक, असे पस्तीस-छत्तीस तक्ते आले. मी आकड्यांचा रकाना पाहिला. शून्य, शून्य, शून्य. माझा धीरच सुटला. काकांनी मात्र आकडे पाहिलेच नाहीत. ते सगळ्यात शेवटचा रकाना वाचत होते, जो कुणीच वाचत नाही. शेऱ्याचा.

"हे बघा," ते म्हणाले. त्याच्या नावापुढे एका तक्त्यात लिहिलं होतं, 'कव्हरवर मेण'. पुढच्या तक्त्यात पुन्हा तेच. तिसऱ्यात तेच. त्याच कंपनीतल्या बाकी कुणाच्याही नावापुढे नाही. "वेल्डिंगच्या कामावर मेण कुठून आलं?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पाचवा तक्ता उचलला आणि हातात तसाच धरून ठेवला. मग तो माझ्याकडे दिला. त्यावर होतं, 'कव्हरवर मेण. बॅज जपून हाताळण्याची समज द्यावी.' खाली सही.

"ही सही माझी आहे," काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. नंतर कळलं. आमच्या साक्षीदारानेच शून्य सही करून दिलेलं! मी म्हटलं, "काका, कागद खूप आहेत. हा एक नाही लावला तर चालेल. पस्तीस-छत्तीस तक्ते, यात पाच नंबरचा कोण बघतो?"

"मी बघितला," ते म्हणाले. "शून्य आलं की आम्ही खूश व्हायचो, वकीलबाई. चहा प्यायचो. म्हणायचो, देशात किती सुरक्षित काम चाललंय. मेण दिसलं, तर मी मेणाची तक्रार केली. माणसाची चौकशी केली नाही. हा कागद सगळ्यात वर लावा."

इतक्या वर्षांत त्या माणसाचा आवाज हललेला मी तेव्हा प्रथम ऐकला. मला त्यांची लाज वाटली नाही, माझीच वाटली. तक्ता मी सगळ्यात वर लावला.

आम्ही दोघं राजोडीला गेलो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, पुढे सुकत घातलेली मासळी, आत कॉटवर तो. केस गेलेले, गालफडं बसलेली, पण डोळे मिश्कील. "या सायब. बॅजवाले सायब ना तुमी? मी रिकामा बॅज धाडायचो, आता रिकामा मानूस बघायला आलेव?" बायको त्याला गप्प करत होती. काकांचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. ते भिंतीकडे बघत होते. भिंतीत छोटा आल्तार होता. निळ्या झग्यातली मरियामाता, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि पायाशी सांडून घट्ट झालेलं मेण.

"बॅज इथे ठेवत होतात?" त्यांनी विचारलं.

बाई खाली बसली. तिने सगळं सांगितलं. पहिला बॅज घेऊन नवरा घरी आला तेव्हा म्हणाला होता, सुपरवायझर सांगतो, हा जिवापाड जप, हाच तुझा जीव वाचवणार. आता जी वस्तू नवऱ्याचा जीव वाचवणार, ती घामाच्या शर्टाला लावून लोखंडात कशी पाठवायची? तिने ती मातेच्या पायाशी ठेवली. रोज संध्याकाळी घरची माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणताना बॅजसाठी एक मेणबत्ती जास्त लावली. तीन महिन्यांनी नवा यायचा, जुना जायचा. नऊ वर्षं. "आता आस्पताळात डाक्टर म्हनला, बॅज आंगावर लावला असता तर कामावरून वेळेवर काडला असता याला. मीच ठेवला तिथं. माज्या हातानं." ती रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं.

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काका वही काढून नवऱ्याच्या कॉटजवळ बसले आणि विचारलं, "फोटोला किती वेळ लागतो ते कसं मोजायचास? घड्याळ होतं?"

"घड्याल कुठला सायब! माळ म्हनायचो. एका जॉइंटला वीस मनी. जाडा पाइप आसला तर तीस."

म्हणजे एक मणी, एक प्रार्थना. वीस प्रार्थना झाल्या की हँडल उलटं. मला वाटलं, आता काका कपाळाला हात लावणार. ते उलट खुलले. "एका मण्याला किती सेकंद?" तो हसला. "ते मातेला इचारा!"

पुढचे आठ दिवस काका रोज संध्याकाळी राजोडीच्या त्या घरात माळेला हजर. जन्मात देवळात न गेलेला माणूस मागे भिंतीला टेकून बसायचा आणि सदऱ्याच्या खिशात हात घालून स्टॉपवॉचचं बटण दाबायचा. मोजतोय हे कॉटवरच्या त्या आजारी माणसाला कळलं तर तो मुद्दाम हळू किंवा मुद्दाम घाईने म्हणेल, म्हणून ही चोरी. पहिल्या दिवशी खिशातून टिक् असा आवाज आला आणि शेजारची म्हातारी दचकली. तिसऱ्या दिवशी बाईने त्यांना पकडलं. तिला वाटलं, काका नास्तिक आहेत, किती वेळ लागतो म्हणून कंटाळून घड्याळ बघतात. तिने तोंड फुगवलं. खरं कळल्यावर ती रोज माळेनंतर त्यांना चहा न देता सोडेना. आठव्या दिवशी काकांनी मला निष्कर्ष सांगितला. भूक लागली की तो मणी भराभर सरकवतो. "मग मी सगळ्यात भुकेल्या दिवसाचा वेग धरला. कंपनीच्या फायद्याचा. वेळ कमी, म्हणजे डोस कमी."

"कंपनीच्या फायद्याचा?" मी ओरडले. "आपण कुणाकडून आहोत?"

"प्रत्येक ठिकाणी मी त्यांना झुकतं माप देणार," ते शांतपणे म्हणाले. "जॉइंट रोजचे कमी धरणार. सुट्ट्या जास्त धरणार. एवढं देऊनही आकडा उभा राहिला तर तो कुणाला पाडता येणार नाही. आणि पडला तर तो पडायलाच हवा होता."

राहिलं अंतर. कंपनीने लेखी म्हटलं होतं, कामगार पंधरा मीटर लांब उभा राहून हँडल फिरवायचा. कंपनीच्या गाळ्यात आम्हाला कोण शिरू देणार? पण सातिवलीत एका ओळीत बांधलेले गाळे सगळे एकाच मापाचे. शेजारच्या गाळ्यात गाद्यांचं गोडाऊन होतं. काका टेप घेऊन सरळ आत. मालकाला वाटलं, गाळा भाड्याने बघायला आलेत. त्याने पंखा लावला, पाणी मागवलं, "पार्किंग भी है" म्हणून सांगितलं. मी गाद्यांवर चढून टेपचं दुसरं टोक भिंतीला धरलं. काकांनी दोनदा मोजलं, मग मला आकडा वाचायला लावला. भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा मीटर.

मी तिथे गाद्यांवर उभी राहून टाळी वाजवली. "पंधरा मीटर म्हणजे तो रस्त्यावर उभा राहून हँडल फिरवत होता की काय!" काका म्हणाले, "उतरा. अजून एकदा मोजू." मालकाला भाडं परवडत नाही असं सांगून आम्ही बाहेर पडलो. एवढं एकच असत्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि तेही निघालं खरंच. त्यांच्या पेन्शनीत तो गाळा परवडणार नव्हताच.

हिशोबाला त्यांनी तीन आठवडे घेतले. मी रोज जिन्यात अडवायची, "वर की खाली?" ते रोज, "चाललंय." एका सकाळी मी दूध घेत होते तर ते खाली उतरून आले. दाढी नाही केलेली. "सगळीकडे कंजूषपणा केला," ते म्हणाले, "तरी निम्म्याच्या वर. बराच वर." दुधाची पिशवी माझ्या हातून पडली. किती सांडलं ते त्यांनी मोजलं नाही, यावरून काय ते समजा.

केस ठाण्याला उभी राहिली. काकांची साक्ष सुरू झाली आणि कंपनीच्या वकिलाने पहिल्यांदा तोच तक्ता उचलला. "ही सही तुमची? आणि इथे डोस शून्य लिहिलाय?"

"हो. बॅजला शून्यच लागलं होतं. माणसाला किती लागलं ते मी तेव्हा विचारलं नाही. ती माझी चूक. आता विचारलं, ते या अहवालात आहे."

"आजार कामामुळेच झाला, असं शंभर टक्के सांगू शकता?"

"नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. काका पुढे म्हणाले, "असं शंभर टक्के सांगणारा कुणी भेटला तर त्याचं शिक्षण तपासा. शंभरातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त जणांना हे काम नसतं तर हा आजार झाला नसता, एवढंच सांगतो. कुठे कुठे मी कंपनीला सूट दिली ते पान सहावर आहे. तुम्हाला अजून कुठे हवी असेल तर सांगा, मी इथेच पुन्हा करून दाखवतो."

वकिलाने पान सहा उघडलं आणि मिटलं. मग त्याने हुकमी पत्ता काढला. ठीक आहे, बॅज घरी होता म्हणा. म्हणजे नियम कुणी मोडला? कामगारानेच! कंपनीने तर प्रशिक्षण दिलं होतं. आणि त्याने सुपरवायझरला साक्षीला बोलावलं. मागे बाकावर बसलेल्या त्या बाईने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सुपरवायझर पन्नाशीचा, साधा, भला माणूस. कंपनीच्या वकिलाला त्याने छान उत्तरं दिली. बॅज सगळ्यांना दिले होते, महत्त्व समजावलं होतं. माझी पाळी आली. मी वीस प्रश्न लिहून आणले होते, हजेरीचे, सह्यांचे. मी उठताना काकांनी बाकावरून माझा पदर ओढला, होय, भर कोर्टात, आणि पुटपुटले, "एकच विचारा. बॅज काय करतो?"

मला ते बाळबोध वाटलं. पण गाळ्याच्या वेळेपासून मी शहाणी झाले होते. मी वही मिटली आणि विचारलं, "तुम्ही कामगारांना शिकवलंत. मग कोर्टालाही सांगा, हा बॅज काय करतो?"

"मॅडम, फार महत्त्वाची वस्तू आहे," तो मनापासून म्हणाला. "तो असला की रेडिएशन लागत नाही. तो खेचून घेतो सगळं. मी सगळ्यांना सांगायचो, हा सांभाळा, तुम्हाला काही होणार नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या आधीच्या सुपरवायझरने, साहेब." आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून तो घाबरला. "का? तसं नाही का?"

मी म्हटलं, "माझे प्रश्न संपले." कंपनीच्या वकिलाने कपाळ पुसलं. खरंच उकडत असावं. मला त्या सुपरवायझरची दया आली. तोही पंधरा वर्षं त्याच गाळ्यात उभा होता. बाहेर आल्यावर काकांनी त्याला कोपऱ्यात नेऊन रक्त तपासायला सांगितलं आणि कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. स्वच्छ, एकही पण-परंतु नसलेला. आजार नोकरीतून उद्भवलेला, कामगाराचा कसूर नाही, उपचाराचा खर्च आणि भरपाई कंपनीकडे. मी इतकी वर्षं वकिली केली, पण निकालपत्र हातात घेऊन रिक्षात मोठ्याने गाणं म्हटलं ते त्या दिवशी. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं. सोसायटीत बातमी आधीच पोचली होती. गेटवर सेक्रेटरी पेढे घेऊन उभे. टॉवरवरून वाळीत टाकणारे हेच! काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "एकूण किती आणलेत?" सगळे हसले, आणि मी सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजोडीला गेलो. घर माणसांनी भरलं होतं, फादरही आले होते. निकाल इंग्रजीत, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. 'कामगाराचा कसूर नाही' हे वाक्य बाईने मला तीनदा म्हणायला लावलं. तरी तिचं समाधान होईना. तिने माझ्याकडून कागद घेतला, बाजूला ठेवला आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, कोर्टाचा ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. तुमी खोटा बोलत नाय. शंभरातले किती माज्यामुलं?"

या माणसाचा काय भरवसा? आता हा म्हणेल, विचार करून सांगतो. किंवा म्हणेल, बॅज अंगावर असता तर अमुक इतके. मी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला.

काका एक क्षणही थांबले नाहीत. "एकही नाही," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. पदराने तोंड झाकून ती हमसून हमसून रडायला लागली. "म्हनजे मी मारला नाय याला! मी नाय मारला!"

"आगो," कॉटवरून आवाज आला, "मी मेलोय कुठं अजून? आधी सायबांना च्या दे!"